दम मोजायचा कशाने?

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर ६७ व्या महाराष्ट्र केसरीची गदा पृथ्वीराज मोहोळ यांनी उचलली. अंतिम लढतीत त्यांच्यासमोर होते माती विभागातून आलेले महेंद्र गायकवाड. मल्ल मातीतला असो की गादीवरचा, घड्याळ दोघांनाही एकच: तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये तीस सेकंदांची उसंत. आपल्या जिल्ह्यातल्या अनेक तालमींत मात्र पोराचा दम अजूनही जोर-बैठकांच्या आकड्यावरच ठरतो. दुसऱ्या फेरीत हातातला पट निसटला की वस्ताद म्हणतात, दम कमी पडला. आणि दुसऱ्या दिवसापासून शंभर बैठका वाढतात. आमच्या मते इथे निदानच चुकते. पुष्कळदा अशा पोराला दमाआधी ताकद कमी पडलेली असते.

हिशेब साधा आहे. प्रतिस्पर्ध्याला खेचून धरायला साठ किलोचा जोर लागतो असे समजू. ज्याची कमाल ताकद ऐंशी किलो आहे, त्याचा तीन चतुर्थांश जोर तिथेच खर्ची पडतो. ज्याची एकशेवीस आहे, त्याचे निम्म्यात भागते. स्नायू जितका जास्त आवळलेला, तितक्या त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू कमी पोचतो आणि पकड लवकर ढिली होते. म्हणून एकाच डावात एकाचे मनगट भरून येते, तर दुसरा कब्जा घेऊन पुढचा डाव टाकतो. हजारावी बैठक ही कमाल ताकद वाढवत नाही, कारण जी हालचाल हजार वेळा होते तिचा भार त्या मल्लासाठी हलकाच झालेला असतो.

यावर पहिला आक्षेप परंपरेचा. जुने मल्ल जोर-बैठकांवरच घडले, हे खरे. पण ते तेवढेच करत नव्हते. हौदा उकरणे, दोर चढणे, मुद्गल फिरवणे आणि अंगावर जोडीदार घेऊन तासन्‌तास लढणे, हा सगळा भारी भाराचाच व्यायाम होता. शिवाय निकाली कुस्तीला वेळेची मर्यादा नसे, त्यामुळे तेव्हाची मेहनत तेव्हाच्या कुस्तीला साजेशी होती. बैठका आणि सकाळची धाव आजही टाकाऊ नाहीत. दोन झटापटींच्या मधे, दोन लढतींच्या मधे शरीर सावरते ते याच पायावर. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांना जपानच्या इशीशी झालेल्या प्रदीर्घ लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देताच सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले. सावरायला वेळ न मिळणे किती महागात पडते, हे त्यातून कळावे. पण पाया म्हणजे अख्खी इमारत नव्हे.

दुसरा आक्षेप असा, की वजने उचलून अंग आखडते. लढत बंद करून नुसती वजने उचलली तर चपळाई जाईलच. आठवड्यातून दोनदा मोजकी उचल आणि रोजची लढत चालू ठेवली तर नाही. तिसरा आक्षेप खेड्यातल्या तालमीचा: साधने कुठून आणायची? वाळूने भरलेले पोते, ट्रॅक्टरचे जुने टायर, छताच्या तुळईला बांधलेला जाड दोर आणि समान वजनाचा जोडीदार एवढ्यावर उत्तम काम होते.

मग करायचे काय? पावसाळ्यात हगामे थंडावतात, तेव्हा ताकद बांधावी: तीन ते पाचच वेळा उचलता येईल असा भार, चार-पाच फेऱ्या, मधे दोन-तीन मिनिटांची पुरेशी विश्रांती. कोवळ्या वयाच्या पोरांना मात्र स्वतःचे वजन आणि नीट शिकवलेली ढब एवढेच पुरे. नवरात्रात मोहट्यासारख्या यात्रा सुरू होण्याच्या सुमारास ही ताकद घड्याळावर आणावी: दहा-पंधरा सेकंद पोते जिवाच्या आकांताने उचलून फिरवायचे, अर्धा मिनिट संथ खडाखडी, असे तीन मिनिटे, तीस सेकंद उसंत, पुन्हा तीन मिनिटे. दोन्ही फेऱ्यांतल्या उचली वस्तादाने वहीत मांडाव्यात. दुसऱ्या फेरीचा आकडा पहिलीच्या जवळ आला, तर दम वाढला. चैत्रातल्या हगाम्यांच्या गर्दीत आठवड्यातून एकदा भारी उचल ठेवली तरी कमावलेले टिकते. जिल्ह्यातल्या प्रत्येक वस्तादाने येत्या पावसाळ्यात निदान चार पोरांवर हे करून पाहावे आणि आपली वही इतर तालमींना दाखवावी. पोरे मेहनतीत कमी पडत नाहीत. त्यांच्या घामाला योग्य दिशा देणे ही आपली जबाबदारी आहे.