वाण आणि गुण

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ढवळ्या म्हणजे पांढरा बैल आणि पवळ्या म्हणजे पोवळ्यासारखा तांबूस बैल. दोघे एका दावणीला राहिले, म्हणून तांबड्याचा रंग काही पांढरा झाला नाही. परंतु शेजाऱ्याची खोड मात्र त्याने उचलली. ही म्हण आपण बहुधा वाईट संगतीविषयी वापरतो. तथापि तिच्यात याहून व्यापक असे एक सत्य आहे. गुण केवळ शेजारच्या प्राण्याचाच लागतो असे नाही. तो शेजारच्या भिंतीचा लागतो, खिडकीचा लागतो, आवाजाचा, उजेडाचा आणि रंगाचाही लागतो. आणि तो लागत असताना आपल्याला त्याची वार्ताही नसते.

आपले विचार आणि आपल्या भावना सर्वस्वी आपल्याच आहेत, अशी प्रत्येकाची समजूत असते. 'आज मन लागत नाही' किंवा 'आज फार प्रसन्न वाटते' असे म्हणताना आपण त्याचे कारण मनातच शोधतो. पुष्कळदा ते बाहेर असते. देवळाच्या गाभाऱ्यापाशी येताच माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. तसे करण्यास त्याला कोणी सांगितलेले नसते. तोच माणूस आठवड्याच्या बाजारात शिरला, की त्याचा आवाज चढतो आणि पावलेही झपाझप पडू लागतात. सडा घालून रांगोळी रेखलेल्या अंगणात कागदाचा कपटा टाकण्यास हात धजत नाही. तोच हात उकिरड्याजवळून जाताना हातातला कागद बेलाशक भिरकावून देतो. माणूस तोच, त्याचा स्वभावही तोच. बदलली ती केवळ जागा.

रंगांचेही असेच आहे. जेष्ठ महिन्यात पावसाच्या पहिल्या सरी पडून गेल्या, की उन्हाळाभर करपलेले सह्याद्रीचे डोंगर आठ-पंधरा दिवसांत हिरवे होतात. ते पाहून शेतकऱ्याला आनंद व्हावा हे उघड आहे, कारण त्याचे पोट त्या हिरवाईवर अवलंबून असते. परंतु ज्याची गुंठाभरही जमीन नाही असा वाटसरूसुद्धा घटकाभर थांबून त्या डोंगरांकडे पाहत राहतो. असे का व्हावे?

रंगांचा परिणाम आपल्यावर दोन वाटांनी होतो, असे म्हणावयास हरकत नाही. पहिली वाट डोळ्यांची. हिचा एक सोपा प्रयोग कोणालाही करून पाहता येईल. तांबड्या कागदाचा रुपयाएवढा तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि अर्धा मिनिट त्याकडे टक लावून पाहावे. नंतर तो तुकडा उचलून त्याच जागी दृष्टी स्थिर ठेवावी. तेथे काहीही नसताना फिकट निळसर-हिरवा ठिपका दिसू लागतो. तांबडा रंग पाहून पाहून डोळ्याची त्या रंगाविषयीची संवेदना मंदावते आणि म्हणून पांढऱ्यातील उरलेले रंग तेवढे जाणवतात. शस्त्रवैद्याला कित्येक वेळा तासन्‌तास रक्ताच्या तांबड्या रंगाकडे पाहावे लागते. भोवतालचे कपडे पांढरे असले, तर नजर वळवताच त्याच्याही डोळ्यांपुढे असे ठिपके तरळतात. शिवाय प्रखर दिव्याखाली पांढऱ्या कपड्याने डोळे दिपतात ते वेगळेच. शस्त्रक्रियेच्या दालनात पूर्वी पांढरे कपडे असत. विसाव्या शतकात त्यांची जागा हिरव्या आणि निळ्या कपड्यांनी घेतली, त्याचे कारण हेच. दिवाळीपूर्वी घराला चुन्याचा हात दिला, की तेच घर मोठे आणि मोकळे वाटू लागते. त्यातही जादू नाही. पांढरी भिंत उजेड परतवते, काळवंडलेली भिंत तो गिळून टाकते.

दुसरी वाट रूढीची. रंगांना आपण लहानपणापासून अर्थ चिकटवीत आलेलो असतो आणि मग ते अर्थ त्या रंगांतच आहेत असे आपल्याला वाटू लागते. युरोपातील पुष्कळ देशांत नवरी मुलगी शुभ्र पोशाखात विवाहाला उभी राहते; आपल्याकडे पांढरे वस्त्र दुःखाचे मानले गेले आणि नवरीच्या हाती हिरवा चुडा आला. काळा रंग आपण मंगल कार्यात वर्ज्य मानतो. परंतु संक्रांतीच्या सणाला काळी चंद्रकळा हौसेने नेसतात, कारण थंडीच्या त्या दिवसांत काळे कापड उष्णता धरून ठेवते, असे आपल्याकडे सांगतात. एकच काळा रंग एका दिवशी मनाला खटकतो आणि दुसऱ्या दिवशी शोभिवंत वाटतो. यावरून रंगाविषयीची आपली पुष्कळशी आवड-नावड ही आपल्या नकळत समाजाने आपल्याला दिलेली असते, हे ध्यानात येईल.

म्हणूनच 'अमुक रंगाने अमुक गुण येतो' अशी घाईची विधाने करणाऱ्यांपासून थोडे सावध राहावे. १९७९ साली अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील नौदलाच्या एका तुरुंगात कोठडीच्या भिंतींना विशिष्ट गुलाबी रंग देण्यात आला. त्या रंगाने दांडगे कैदीही शांत होतात, अशी वार्ता सर्वत्र पसरली आणि ठिकठिकाणी तसे रंग देण्यात आले. पुढे स्वित्झर्लंडमधील एका तुरुंगात गुलाबी आणि पांढऱ्या अशा दोन्ही कोठड्यांतील कैद्यांची काळजीपूर्वक तुलना केली गेली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काहीच फरक आढळला नाही. केवळ रंगाचा डबा आणून माणसाचा स्वभाव पालटता आला असता, तर शिक्षकांचे आणि आईबापांचे काम फारच सोपे झाले असते!

परंतु परिसराचा प्रभाव मुळातच खोटा आहे, असा याचा अर्थ नव्हे. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९-६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले, की रोग्याला दिसणाऱ्या सुंदर वस्तू, फुले आणि रंग यांचा परिणाम त्याच्या मनावर तर होतोच, पण शरीरावरही होतो. हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. त्याला मोजमापाचा आधार सव्वाशे वर्षांनी मिळाला. रॉजर उलरिच या संशोधकाने पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाची १९७२ ते १९८१ या काळातील कागदपत्रे तपासली. पित्ताशयाची एकसारखी शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांच्या त्याने २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, तर दुसऱ्याच्या खिडकीतून नुसती विटांची भिंत. झाडे पाहणारे रोगी सरासरीने सुमारे पाऊण दिवस आधी घरी गेले आणि वेदना शमविण्याची तीव्र औषधेही त्यांना कमी लागली. हा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. खिडकीतील झाडाने काही औषध दिले नव्हते. ते केवळ तेथे उभे होते.

याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट एका शाळेची आहे. न्यूयॉर्क शहरातील त्या प्राथमिक शाळेच्या एका बाजूने उंच पुलावरून आगगाडी धावत असे. शाळेच्या वेळात साधारणपणे दर साडेचार मिनिटांनी एक गाडी धडधडत जाई, आणि ती जाईपर्यंत त्या बाजूच्या वर्गांत शिकविणे बंद पडे. दुसऱ्या बाजूचे वर्ग मात्र शांत असत. अर्लिन ब्रॉन्झॅफ्ट या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने आपल्या सहकाऱ्यासह दोन्ही बाजूंच्या मुलांच्या वाचनाची तुलना केली. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की गाडीच्या बाजूची मुले वाचनात मागे पडली होती. सहाव्या इयत्तेपर्यंत हे अंतर जवळजवळ एका वर्षाचे होत असे. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसविण्यात आल्या आणि त्या वर्गांना आवाज शोषून घेणारी छते केली गेली. त्यानंतर पुन्हा तुलना करण्यात आली. १९८१ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दोन्ही बाजूंची मुले आता सारखेच वाचत होती!

या गोष्टीचा आपण नीट विचार केला पाहिजे. त्या गोंगाटाच्या वर्गांतील एखाद्या मुलाला 'तू मागे का?' असे कोणी विचारले असते, तर त्याला काय उत्तर देता आले असते? गाड्यांचा आवाज त्याच्या इतका अंगवळणी पडला होता, की तेच आपल्या मागे पडण्याचे कारण असेल हे त्याच्या मनातही आले नसते. 'मलाच येत नाही' असे तो म्हणाला असता, आणि इतरांनीही त्यावर मान डोलावली असती. दोष मुलाचा नव्हता, दोष रुळांचा होता. माझे स्पष्ट मत असे आहे, की कोणत्याही मुलाला मंद म्हणण्यापूर्वी ते कोठे बसते, तेथे उजेड किती येतो, कानांवर काय आदळते आणि डोळ्यांपुढे काय असते, हे अगोदर पाहिले पाहिजे. तसे न करता दिलेले दूषण हा अन्याय होय.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, की थोर माणसे प्रतिकूल परिसरातूनच मोठी झाली. ज्याला शिकावयाचे आहे, तो कोठेही शिकतो. हा आक्षेप वरवर खरा वाटतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत मुंबईत परळच्या चाळीतील एका लहानशा खोलीत राहत. सारा संसार त्या एकाच खोलीत होता. परंतु त्यांच्या चरित्रातील पुढील भागही वाचावा. त्यांचे वडील रामजी त्यांना लवकर निजवीत आणि पहाटे दोन वाजता अभ्यासाला उठवीत. साऱ्या चाळीला झोप लागलेली असावी अशी ती वेळ होती. शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसत, आणि तेथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे लक्ष या वाचनवेड्या मुलाकडे गेले. त्यांनी परिसराला तुच्छ लेखले नाही. खोली पालटणे हाती नव्हते, तर त्यांनी वेळ पालटली. घरी जागा नव्हती, तर बाग शोधली. त्यांची जिद्द असामान्य होती यात शंका नाही. परंतु त्या जिद्दीने पहिले काम केले, ते अभ्यासाला योग्य असा परिसर मिळविण्याचे.

येथेच माणूस आणि गोठ्यातील बैल यांतील भेद दिसून येतो. ज्या दावणीला बांधला, तिचा गुण घेण्यावाचून बैलाला गत्यंतर नसते. माणसाला मात्र आपल्याला कशाचा गुण लागत आहे, हे ओळखता येते. आणि एकदा ओळखले, की त्याचा जोर निम्मा ओसरतो. अकारण चीड आली, तर ती शेजारच्या कर्ण्याची आहे की खरोखर आपली, हे क्षणभर थांबून पाहावे. धडा पाठ होत नसला, तर स्वतःला बोल लावण्यापूर्वी जागा बदलून पाहावी. पुस्तक खिडकीजवळ न्यावे. समोरची अडगळ आवरावी. भिंत पांढरी करणे जमले नाही, तरी तिच्यावरची जळमटे तरी काढावीत. या गोष्टींना पैसा लागत नाही. प्रत्येकाला मोकळे घर आणि बागेकडे उघडणारी खिडकी लाभत नाही, हे खरे आहे. आणि म्हणूनच शाळा, वाचनालये व बागा स्वच्छ आणि शांत राखणे हे गावाचे कर्तव्य ठरते. ज्याला घरी कोपरा नाही, त्याचा तोच आसरा असतो.

शेवटी एक गोष्ट विसरून चालणार नाही. आपण इतरांच्या परिसराचा एक भाग असतो. वर्गात आपण ज्याच्या शेजारी बसतो, त्याच्या दृष्टीने भिंत, खिडकी आणि आवाज यांच्याबरोबर आपणही त्याचे भोवताल असतो. आपले हसणे, आपली कुरकुर, आपण बाकावर ओढलेल्या रेघोट्या किंवा कुंडीत लावलेले रोप, या सर्वांचा गुण त्याला लागत असतो, आणि त्यालाही ते ठाऊक नसते. तेव्हा आपल्या शेजाऱ्याला कोणता गुण लागावा, याचा विचार ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.