प्रशिक्षक घरी येण्यापूर्वी

व्यायाम-प्रशिक्षक हा आज अनेक तरुणांच्या चरितार्थाचा मार्ग झाला आहे. कुणाचा नातू ही वाट धरू पाहतो, तर कुणाच्या घरी मुलांनी आईवडिलांसाठी असा प्रशिक्षक नेमलेला असतो. या कामाची खरी तयारी कोणती, हे दोन्ही घरांनी जाणून घ्यावे.

डॉक्टर वा परिचारिकेप्रमाणे आपल्याकडे प्रशिक्षकाला नोंदणीचे कायदेशीर बंधन नाही. म्हणून पिळदार देह हीच पात्रता मानली जाते. मान्यताप्राप्त परीक्षा मात्र देहापेक्षा ज्ञान पाहतात. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या संस्थेच्या परीक्षेसाठी वयाची 18 वर्षे पूर्ण असावी लागतात आणि हृदय बंद पडल्यास द्यावयाच्या प्रथमोपचाराचे, म्हणजे सीपीआरचे, प्रमाणपत्र आवश्यक असते. शरीररचना, स्नायूंचे कार्य, व्यायामापूर्वीची तपासणी आणि व्यायामाची क्रमशः वाढ यांचा अभ्यास करावा लागतो.

ज्येष्ठांसाठी एवढेही पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली 65 वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रम, किमान दोन दिवस स्नायुबळाचे आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचविले. प्रशिक्षकाने केवळ वजने उचलायला लावली, तर तोलाचे व्यायाम राहून जातात. आणि उतारवयात खरे भय पडण्याचेच असते.

औषधांचे भान हवे, हेही तितकेच महत्त्वाचे. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल किंवा अटेनोलोल घेणाऱ्यांची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही. 220 मधून वय वजा करून काढलेला आकडा त्यांना लावू नये. व्यायाम करताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही खूण अधिक विश्वासार्ह. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकाएकी उतरू शकते. साखर जवळ असावी. वजन उचलताना श्वास रोखल्यास रक्तदाब उसळतो. हाडे ठिसूळ असतील, तर कंबरेतून वाकून भार उचलणे टाळावे.

म्हणून पहिल्या दिवशी प्रशिक्षक काय विचारतो, ते पाहावे. आजार, औषधे, शस्त्रक्रिया, पूर्वी पडल्याची घटना, डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक यांची चौकशी न करता जो थेट व्यायामास आरंभ करतो, त्याला नम्रपणे थांबवावे. छातीत दाब, घेरी किंवा अवाजवी धाप जाणवली, तर व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. प्रशिक्षकाच्या भिडेखातर सहन करू नये. त्याने पूरक भुकटी वा गोळ्या सुचविल्यास आपल्या डॉक्टरांना दाखविल्याशिवाय घेऊ नयेत.

आपला नातू या व्यवसायात उतरत असेल, तर त्याला सीपीआर शिकण्यास आवर्जून सांगा. त्याचा पहिला विद्यार्थी होण्यास हरकत नाही. मात्र त्याआधी आपल्या औषधांची यादी त्याच्या हाती द्या. ती यादी तो कशी वाचतो, यावरूनच त्याची तयारी कळेल.