विभव कशाशी खातात?

जानेवारीतल्या एखाद्या रात्री नागपुरातल्या कोणत्याही घरात करून पाहावा असा एक प्रयोग आहे. खोलीतला दिवा मालवा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या आणि लोकरीचे ब्लँकेट नायलॉनच्या चादरीवरून झरकन ओढा. चटचट आवाज येतो आणि निळसर ठिणग्या क्षणभर चमकून जातात. मुंबईच्या मुलांच्या नशिबी हे दृश्य क्वचितच येते. तिथल्या दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो आणि घर्षणाने साचलेला विद्युत प्रभार त्यावरून निसटून जातो. आमच्याकडची हिवाळी हवा कोरडी, म्हणून प्रभार टिकतो.

आता थोडा हिशेब करू. हवेतून ठिणगी पडायला दर सेंटिमीटरला साधारण ३०,००० व्होल्ट लागतात. स्वेटर काढून तुम्ही दाराच्या लोखंडी कडीकडे बोट नेले आणि एक मिलिमीटरची ठिणगी उडाली, तर बोट आणि कडी यांच्यात सुमारे ३,००० व्होल्टचे विभवांतर होते. घरातल्या विजेचे विभवांतर २३० व्होल्ट. त्या २३० व्होल्टच्या तारेला हात लागून माणसे दगावतात आणि ३,००० व्होल्टचा चटका बसला की आपण हात झटकून हसतो. असे का?

हा प्रश्न मी अनेक वर्षे अकरावी-बारावीच्या वर्गात विचारत आलो आहे. वर्ग गप्प बसतो. मग मी म्हणतो, "बरे, विद्युत विभवाची व्याख्या सांगा." लगेच दहा हात वर होतात. "अनंत अंतरावरून एकक धन प्रभार विद्युत क्षेत्राविरुद्ध त्या बिंदूपर्यंत आणण्यासाठी करावे लागणारे कार्य." एक शब्द चुकत नाही. पण हे विभव कशाशी खातात, ते कोणालाच ठाऊक नसते.

मला हा दोष मुलांचा वाटत नाही. आपण हा विषय उलट्या टोकाने शिकवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी व्याख्या, मग सूत्र, मग उदाहरणे, आणि वेळ उरलाच तर अर्थ. हा क्रम बदलला पाहिजे. त्याचे कारण परीक्षेपुरते नाही. ते पुढे सांगतो.

पहिली पायरी बलाची. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हे तुम्ही पाहिले आहे. फ्रान्समधील कुलोम याने १७८५ साली पीळ दिलेल्या तारेचा तराजू वापरून या बलाचे मोजमाप मांडले. अंतर दुप्पट केले की बल चौथाई होते. पण लक्षात ठेवा, बलाची गोष्ट करायला दोघे लागतात, एक ओढणारा आणि एक ओढला जाणारा. दुसरा प्रभार तिथे नसेल, तर बल कोणावर?

इथे दुसरी पायरी येते, ती क्षेत्राची. ओढला जाणारा नसला तरी ओढण्याची तयारी त्या जागेत आहेच, असे मायकेल फॅरडेने मानले. हा माणूस लहानपणी पुस्तक-बांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. त्याला गणित फारसे येत नव्हते. त्याने मनात बलरेषांची चित्रे काढली. त्या चित्रांना गणिताची भाषा पुढे मॅक्सवेलने दिली. आधी चित्र, मग सूत्र, हा क्रम विज्ञानाच्या इतिहासातच आहे. आपल्या फळ्यावर मात तो उलटा होतो.

क्षेत्र ही कागदावरची कल्पना आहे असे वाटत असेल, तर नागपूरहून कोराडीच्या रस्त्याला लागा. तिथल्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. आपल्या दगडी कोळशात राखेचे प्रमाण मोठे, बहुधा शेकडा ३० ते ४०. ती सगळी राख चिमणीतून बाहेर पडली असती, तर आसपासच्या गावांत वाळत घातलेला एक कपडा स्वच्छ राहिला नसता. म्हणून धूर चिमणीत जाण्याआधी मोठमोठ्या पत्र्यांच्या मधून नेतात. पत्र्यांच्या मधोमध टांगलेल्या तारांवर हजारो व्होल्टचे ऋण विभव असते. तारेजवळचे क्षेत्र इतके तीव्र असते की तिथल्या वायूंचे आयनीभवन होते, राखेच्या कणांवर ऋण प्रभार बसतो आणि ते कण पत्र्यांकडे खेचले जातात. अधूनमधून पत्र्यांवर हातोडे आपटतात आणि राख खाली पडते. ही यंत्रणा नीट चालली तर शेकडा ९९ हून जास्त राख पकडली जाते. कंगव्याला चिकटणारे कपटे आणि पत्र्याला चिकटणारी राख, दोघांची जातकुळी एकच.

आता तिसरी पायरी, विभव. इथे बहुतेकांचे पाय अडखळतात. ही पायरी चढायला आपण शहराच्या मध्यभागी, झिरो माईलच्या खांबापाशी जाऊ.

ज्या खांबापासून गावोगावची अंतरे मोजली गेली, तो हा खांब. अंतरासाठी नागपूर शून्य धरले, तो माणसांनी केलेला एक ठराव होता. निसर्गाने तिथे शून्य कोरून ठेवलेले नव्हते. याच जागेची समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,०२० फूट, म्हणजे ३११ मीटर आहे. उंचीसाठी शून्य कोणते? समुद्र. हाही ठरावच. उद्या आपण हट्टाने म्हणालो की उंचीचे शून्यसुद्धा नागपूरच, तर मुंबईचा किनारा उणे ३११ मीटरवर जाईल. पण त्यामुळे एखादा चेंडू जास्त वेगाने घरंगळेल का? अंबाझरीच्या सांडव्यावरून नाग नदीत उतरणारे पाणी आपला वेग बदलेल का? मुळीच नाही. पाण्याला उंचीच्या आकड्याशी कर्तव्य नसते, उंचीतल्या फरकाशी असते.

विभव म्हणजे विद्युत प्रदेशातली उंची. विद्युत क्षेत्र म्हणजे तिथला उतार. बल म्हणजे त्या उतारावर ठेवलेल्या एखाद्या प्रभाराला मिळणारा रेटा. प्रभार मोठा तर रेटा मोठा. व्याख्येतले ते "अनंत अंतर" म्हणजे पुस्तकाने निवडलेला समुद्रकिनारा. वीज मंडळाचा तारतंत्री जमिनीला शून्य धरतो. त्याचा किनारा वेगळा, एवढेच.

हे चित्र मनात असेल, तर पुढचे दोन प्रश्न सोडवून पाहा. पहिला : दोन समान धन प्रभारांच्या बरोबर मध्यावर क्षेत्र शून्य आहे, तर विभव किती? बहुतेक मुले घाईने "शून्य" लिहितात. दुसरा : एक धन आणि तेवढाच एक ऋण प्रभार यांच्या मध्यावर विभव शून्य आहे, तर क्षेत्र किती? पुन्हा "शून्य". दोन्ही उत्तरे चूक. धन प्रभार म्हणजे डोंगर आणि ऋण प्रभार म्हणजे खोल विहीर असे समजा. दोन डोंगरांमधल्या खिंडीत अगदी मधोमध चेंडू ठेवला तर त्या जागी उतार नाही, चेंडू ठेवला तिथे राहतो. पण खिंड काही समुद्रसपाटीवर नसते. याउलट डोंगरावरून विहिरीत जाणाऱ्या वाटेवर एक जागा बरोबर सपाटीच्या उंचीवर असते, आणि तिथे तर उतार चांगलाच तीव्र असतो. उंची शून्य असणे वेगळे आणि उतार शून्य असणे वेगळे.

मग ब्लँकेटच्या ठिणगीचे काय? उंची कितीही असो, खाली किती वजन पडते तेही पाहावे लागते. सीताबर्डीच्या किल्ल्यावरून मोहरीचा दाणा डोक्यावर पडला तर कळणारही नाही. पहिल्या मजल्यावरून कुंडी पडली तर कपाळमोक्ष होईल. तुमच्या अंगावर साचलेला प्रभार एका कूलोमच्या दशलक्षांशाहूनही कमी असतो आणि तो पापणी लवायच्या आत संपतो. भिंतीतल्या तारेमागे मात्र वीज केंद्रांची जनित्रे उभी असतात. तिथून प्रभार येतच राहतो.

कोणी म्हणेल, डोंगर-विहिरीच्या गोष्टींनी परीक्षेत गुण मिळत नाहीत. आक्षेप अगदीच खोटा नाही. शिवाय ही उपमा सर्वत्र पुरतही नाही. ऋण प्रभार या डोंगरावर उलटा, वरच्या दिशेने धावतो. खऱ्या डोंगरावर असे काही धावत नाही. म्हणून व्याख्या आणि सूत्र हवेच. पण ते चित्रानंतर हवे. आणि ज्याला चित्र दिसले, तो व्याख्या स्वतःच्या शब्दांत मांडू शकतो; त्याला ती पाठ करावी लागत नाही.

आता क्रम बदलण्याचे खरे कारण सांगतो. विदर्भात मे-जूनमध्ये ढग गडगडू लागले की वावरात काम करणारी माणसे झाडाखाली धावतात. जनावरे तर बहुधा झाडालाच बांधलेली असतात. भारतात २०१९ ते २०२२ या प्रत्येक वर्षी विजेने २,८०० हून अधिक माणसांचा बळी घेतल्याची सरकारी नोंद आहे. झाडावर वीज पडते आणि झाडाला न टेकलेली गायसुद्धा मरते. लोक म्हणतात, वीज गायीवर पडली. पुष्कळदा ती गायीवर पडलेली नसते. गायीला विभवांतराने मारलेले असते.

वीज झाडावर पडली की तिची धारा मुळांशी जमिनीत शिरते आणि चहूकडे पसरते. इथे प्रभार वाहतो, म्हणजे ही स्थितिक विद्युत राहिली नाही. पण विभवाचा नकाशा तसाच असतो. खोडाशी डोंगर आणि सभोवार उतरत जाणारा उतार. धारा ३०,००० अँपिअर आणि मातीची रोधकता १०० ओहम-मीटर धरली, तर खोडापासूनच्या अंतराने ४,८०,००० ला भागले की तिथले विभव व्होल्टमध्ये मिळते. दहा मीटरवर ४८,००० व्होल्ट. साडेअकरा मीटरवर सुमारे ४१,७००. झाडाकडे तोंड करून उभ्या असलेल्या गायीचे पुढचे पाय पहिल्या जागी आणि मागचे दुसऱ्या जागी असतील, तर तिच्या शरीरावर सहा हजारांहून अधिक व्होल्टचे विभवांतर येते, आणि हृदय नेमके वाटेत असते. त्याच जागी दोन्ही पाय जुळवून उभ्या असलेल्या माणसाच्या पावलांत दहा सेंटिमीटरचे अंतर असेल, तर विभवांतर पाचशे व्होल्टच्याही आत राहते. गाय झाडाशी आडवी उभी असती, म्हणजे तिचे चारही पाय खोडापासून जवळजवळ सारख्या अंतरावर असते, तर कदाचित वाचलीही असती. हा सगळा हिशेब "उंचीतला फरक" या दोन शब्दांत आहे. तुमच्या पुस्तकात तो विभवाच्या प्रकरणात आहे, पण तो गायीपर्यंत कधी पोचतच नाही.

म्हणून गडगडाट ऐकू आला की झाड सोडा. पक्क्या घरात किंवा पत्र्याच्या बंद मोटारीत जा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप मोबाईलवर विजेचा इशारा देते. घरातल्या शेतकऱ्याच्या फोनवर ते घालून द्या. आसरा सापडलाच नाही, तर झाडापासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. हा शेवटचा उपाय आहे, हमी नाही. आणि एक गैरसमज काढून टाका. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावायला घाबरू नका. श्वास आणि नाडी थांबली असेल तर लगेच छातीवर दाब द्या आणि मदत बोलवा.

माझे म्हणणे पटत नसेल, तर स्वतः पडताळून पाहा. एका पसरट ताटलीत ओली रेती भरा. ताटली प्लॅस्टिकची असावी. एका कडेला आणि मधोमध असे दोन खिळे रोवा आणि त्यांना ९ व्होल्टची बॅटरी जोडा. घरातल्या विजेचा प्लग यासाठी चुकूनही वापरायचा नाही. आता व्होल्टमापकाची दोन टोके तीन सेंटिमीटर अंतरावर धरा. हे झाले तुमच्या गायीचे पाय. मधल्या खिळ्याजवळ काटा किती हलतो पाहा, मग दूर नेऊन पाहा, मग खिळ्याभोवती आडवी धरून पाहा. आकडे वहीत लिहा आणि सारख्या विभवाचे बिंदू रेषांनी जोडा.

जो नकाशा तयार होईल, तो घेऊन शिक्षकांकडे जा आणि त्यांना म्हणा, "सर, आता व्याख्या सांगा."