शेवाळाचं खोबरेल आणि जवस

परवा एका मित्राने विचारलं, "कुवेतमध्ये ऊन फुकट, समुद्राचं पाणी फुकट. मग तुम्ही लोक शेवाळापासून तेल का काढत नाही?" प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे.

पुण्याच्या थंडीत खोबरेल तेल थिजतं, जवसाचं मात्र पातळच राहतं. खोबरेलात संपृक्त स्निग्धाम्लं जास्त. त्यांच्या सरळ साखळ्या एकमेकींना खेटून बसतात. जवसातली बहुतेक असंपृक्त. दुहेरी बंधापाशी साखळी वाकते आणि दाटी होत नाही. हिरव्या शेवाळाच्या पेशीपटलातही हाच खेळ चालतो. थंडीत पटल ताठरू नये म्हणून शेवाळ 'जवस' वाढवतं, उकाड्यात ते फार पातळ होऊन गळू नये म्हणून 'खोबरेल'. ई. कोलाय जीवाणूंमध्ये ही युक्ती सिनेन्स्की यांनी १९७४ साली दाखवली होती.

पण हा बदल व्हायला वेळ लागतो, आणि त्यालाही मर्यादा आहे. पारा झपाट्याने चढला तर पटल गळतं, प्रकाशसंश्लेषणाची प्रथिनं बिघडतात आणि हिरवं पाणी पिवळं पडतं. इथल्या मित्रिबाहला २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश नोंदले गेले! बंद काचेच्या नळ्यांतलं पाणी तर उन्हात आणखी तापतं. ते गार ठेवायला वीज हवी, आणि इथली वीज बहुतांशी तेल आणि वायू जाळूनच होते. तेल जाळून शेवाळ गार करायचं आणि त्यातून तेल काढायचं, म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

दुसरी गंमत अशी की ज्या ओमेगा-३ साठी शेवाळाचं एवढं कौतुक होतं, ती स्निग्धाम्लं भरपूर दुहेरी बंधांची, म्हणजे 'जवस' गटातली. उन्हाळ्यात शेवाळ नेमकी तीच कमी करतं. त्याच्याकडून ऐन जुलैत ओमेगा-३ मागणं म्हणजे मे महिन्यात गहू पेरण्यासारखं आहे.

माझं मत सांगतो. थंड देशातल्या प्रयोगशाळेतली जात आणून तिला एसीत पोसण्यापेक्षा इथल्या उथळ, तापलेल्या किनाऱ्यावर आधीच तग धरून असलेल्या जाती शोधाव्यात. आणि आपल्या शेतकऱ्यासारखा खरीप-रब्बीचा विचार करावा: हिवाळ्यात ओमेगा-३ देणारं शेवाळ, उन्हाळ्यात उष्णता सोसणारं दुसरं, ज्याच्याकडून नाजूक तेलाची अपेक्षाच नाही.

यात उत्पन्न कमी दिसेल, अहवाल तितका चकचकीत होणार नाही. पण हंगामाशी भांडून शेती होत नाही, हे आपल्या आज्यालाही ठाऊक होतं. त्यासाठी पीएच.डी. लागत नाही.

असो. तुम्हाला काय वाटतं?