आधी पट्टा, मग पाइप

"ओडिसी घेतली" असं घरी फोनवर सांगितलं, तेव्हा आई इतकी खूष झाली की विचारू नका. न्यू जर्सीच्या मावशीकडे होंडा ओडिसी आहे, सात-आठ माणसं आणि त्यांचे इडलीचे डबे आरामात बसतात. मुलगा मिनीव्हॅन घेतोय म्हणजे काहीतरी शुभ वार्ता असणार, असा तिचा हिशोब.

"अगं आई, ही ती नव्हे. हिला एकच सीट आहे."

पलीकडे शांतता. मग बाबांचा आवाज, "मग बाकीचे कुठे बसणार?"

तर मंडळी, मिनीव्हॅनवर नाव येण्याच्या कितीतरी आधी, १९७७ साली, होंडानं ओडिसी नावाची एक बग्गी काढली होती. एफएल २५०. एक माणूस, चार फुगे टायर, माणसाभोवती नळ्यांचा सांगाडा, पाठीमागे २४८ सीसीचं एअरकूल्ड टू-स्ट्रोक इंजिन. गिअर नाहीत, बेल्टवरचं व्हेरिएटर. आपल्या कायनेटिक होंडात होतं तसंच, फक्त दांडगं. माझी १९७९ची आहे, म्हणजे माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठी. चौदाशे डॉलरला एका आजोबांच्या शेडमधून उचलली. टायरांत हवा नव्हती आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं होतं. सुरू झाली तेव्हा जो निळा धूर निघाला, त्याचा वास थेट आमच्या बजाज चेतकचा. सकाळी एका अंगावर कलती करून मग किक मारायची, ती चेतक.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता भांडण.

अशी गाडी घेतली की दोन जातींची माणसं भेटतात. पहिली पॉवरवाली. "२५० सीसी? अरे, ह्यात मोटरसायकलचं इंजिन टाक! निदान एक्स्पान्शन पाइप आणि मोठा कार्बोरेटर तरी लाव." दुसरी म्युझियमवाली. त्यांना बोल्टसुद्धा ओरिजिनल लागतो, सीटचं फाटकं रेक्झिनही त्याच कंपनीचं. नवा पट्टा दिसला की त्यांना पोटात कळ येते. (तिसरी जात म्हणजे ऑफिसातली. "एवढी मरमर कशाला, नवीन घे ना." ह्यांच्याशी मी भांडत नाही, ह्यांना उत्तर नसतं.)

माझं भांडण जास्त करून पॉवरवाल्यांशी आहे, कारण मी त्यांच्यातला होतो.

ह्या गाडीला मागे सस्पेन्शनच नाही. स्प्रिंग नाही, शॉकअॅब्जॉर्बर नाही, काही नाही. मागची चाकं एका आडव्या दांड्यावर आणि दांडा जवळजवळ थेट फ्रेमला. मग धक्के कोण खातं? टायर. कमी हवेचे फुगे टायर हीच तिची स्प्रिंग. आता मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला जे घोकलं ते आठवा (मीही विसरलोच होतो): स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते, तिला जिरवायचं काम डॅम्परचं. टायर म्हणजे डॅम्पर नसलेली स्प्रिंग. सावकाश गेलात तर टायर खड्डा गिळतो. जोरात गेलात तर तोच टायर तुम्हाला चेंडूसारखा वर फेकतो, आणि पुढचा खड्डा येईपर्यंत उड्या थांबलेल्या नसतात.

म्हणजे ह्या गाडीचा वेग इंजिनावर ठरत नाही, उडी किती मारेल ह्यावर ठरतो. जपानमधल्या ज्या कुणी ते २४८ सीसीचं इंजिन निवडलं, त्याला हे कळत होतं. ती ताकद ही कंजुषी नव्हती, त्या फ्रेमची मर्यादा होती. पुरावा खुद्द होंडाच्याच घरात आहे. १९८१च्या मॉडेलला त्यांनी सांगाडा नव्यानं डिझाईन केला. १९८५ला एफएल ३५० आर काढली, मोठं इंजिन दिलं, तेव्हा मागे सस्पेन्शनही दिलं. १९८९ला पायलट काढली, ४०० सीसी वर्गातली, लिक्विडकूल्ड, तीही चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन देऊन. ताकद वाढवली की चेसिस वाढवली. आणि आपण काय करतो? पाइप मागवतो, रविवारी दुपारी चार बोल्ट काढून चार बोल्ट लावतो आणि म्हणतो, "अपग्रेड केली."

ह्याला अपग्रेड म्हणत नाहीत. ऑफिसात रोलबॅक प्लॅनशिवाय शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करणाऱ्याला आपण जे म्हणतो, तेच इथेही म्हणावं.

वाईट ह्याचं वाटतं की मला हे सगळं कुणीतरी शिकवलं होतं. २०१८ साली आमच्या कॉलेजची टीम बाहा एसएई इंडियाला पिथमपूरला गेली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पोरांनी एकसीटर ऑफरोड बग्गी डिझाईन करायची, बांधायची आणि चार तासांच्या एन्ड्युरन्समध्ये मोडेपर्यंत पळवायची. त्यात सगळ्यांना एकच इंजिन, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३०५ सीसी, दहा हॉर्सपॉवर. त्याला हात लावायचा नाही. कार्बोरेटरशी खेळलात तर बाद. मग उरतं काय? वजन, सस्पेन्शन, ब्रेक, पिंजरा. तिथे आम्ही वर्षभर नुसते रोल केजच्या नळ्यांवर भांडलो. नियमात नळी सांगितलेली: २५ मिमी व्यास, ३ मिमी जाडी, कार्बन किमान ०.१८ टक्के, किंवा ताकदीनं तेवढंच भरेल असं गणित करून दाखवा. हेल्मेटपासून पिंजऱ्यापर्यंत सहा इंच अंतर. इंजिन बंद करायला दोन स्विच, एक आत, एक बाहेर. हात बाहेर जाऊ नयेत म्हणून दंडांना आर्म रिस्ट्रेंट. ब्रेक टेस्टला चारही चाकं लॉक झाली नाहीत तर गाडी ट्रॅकवर जातच नाही, मग तुमचं डिझाईन कितीही भारी असो.

तेव्हा आम्ही त्या इन्स्पेक्टर मंडळींना मनसोक्त शिव्या घातल्या. आणि पाच वर्षांनी, पगार हातात आल्यावर, मी स्वतःच्या गाडीला सगळ्यात आधी काय घेतलं? पाइप. मग कार्बोरेटर. हार्नेस कार्टमध्ये टाकून ठेवला होता, "पुढच्या महिन्यात" म्हणून.

२०२३च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुटीत, ग्लॅमिसला गेलो. सॅन डिएगोहून पूर्वेला, ब्रॉलीच्या पुढे हायवे ७८ वर हे वाळूचं साम्राज्य लागतं. चाळीस मैलांहून लांब पट्टा, टेकडीमागे टेकडी. तिथे प्रत्येक गाडीला जमिनीपासून आठ फूट उंच काठीवर झेंडा लावावाच लागतो, कारण माथ्याच्या पलीकडून कोण येतंय ते दिसत नाही. वाळूची टेकडी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. वारा येतो ती बाजू सावकाश चढते, पलीकडची बाजू कोरडी वाळू जेवढी तग धरेल तेवढी उभी असते, साधारण चौतीस अंश. सकाळपासून शंभर माथे ओलांडले असतील. नवा पाइप गात होता. एका माथ्याआधी लहान लहान लाटांसारखे चढउतार होते. पहिल्यावर मागची बाजू उडाली, दुसऱ्यावर जास्त, तिसऱ्यावर मी आणि सीट वेगळे झालो. त्याच अवस्थेत माथा आला.

गाडी दीड वेळा उलटली. १९७९चा कमरेचा पट्टा तुटला नाही हे त्याचे उपकार, पण कमरेच्या वरचा मी मोकळाच होतो. माणूस पडताना हात पुढे करतो. मी बाहेर काढला. सांगाडा मनगटावर आला.

दोन हाडं, एक प्लेट, सात स्क्रू. तीन महिने एका हातानं कोड लिहिला. (कोड चांगला आला, कमी लिहिला म्हणून असेल. :-)) आईला अजून "जिन्यावरून पडलो" एवढंच माहीत आहे, तेव्हा कृपया...

आता पॉवरवाल्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा, तो लपवणार नाही. ते म्हणतात, वाळूत ताकद हीच सुरक्षितता. चढावर अर्ध्यात दम तुटला तर गाडी आडवी होते आणि लोळत खाली येते. हे खरं आहे. पण चढावर दम का तुटतो ते आधी बघा. माझं इंजिन उघडलं तेव्हा क्रँकचे सील वाळून कडक झालेले. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा इनटेकचाच भाग असतो, सील गळला की जास्तीची हवा आत, मिश्रण पातळ, तापमान वर, आणि एक दिवस पिस्टन चिकटतो. कसलं मोटरसायकल इंजिन घेऊन बसलात, आधी क्रँककेसमध्ये सहा पीएसआय हवा भरून ती काही मिनिटं टिकते का बघा! सायकलचा पंप आणि एक गेज लागतं. मग व्हेरिएटरचा बेल्ट. झिजून अरुंद झाला की पुलीत खोल बसतो आणि रेशो बदलतो, चढावर इंजिन ताकदीच्या आरपीएमच्या खाली पडतं. नवा बेल्ट, साफ पुल्या आणि योग्य स्प्रिंग एवढ्यानं माझी गाडी पाइप काढल्यानंतरही आधीपेक्षा नीट चढते. हो, पाइप काढला. त्या पाइपची ताकद वरच्या आरपीएमला होती आणि व्हेरिएटर जुन्याच आरपीएमला जुळलेला. म्हणजे पैसे आवाजाचे दिले होते.

म्युझियमवाल्यांसाठी एवढंच. पेंट ओरिजिनल ठेवा, स्टिकर ठेवा, मीही ठेवलेत, माझ्या पोटात काही दुखत नाही. पण पट्टा? विणलेला पट्टा उन्हात सडतो, दिसायला धड दिसला तरी. रेसिंगमध्ये एसएफआयचा हार्नेस दोन वर्षांनी बदलतात किंवा परत तपासून घेतात. दोन वर्षांनी! आणि तुम्ही पंचेचाळीस वर्षांचा पट्टा "पिरियड करेक्ट" म्हणून कुरवाळता. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्यांचं तेच. आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, १९७९च्या रबराला त्याची सवय नाही, आणि टाकी अन् गरम इंजिन दोन्ही तुमच्या पाठीशी.

माझी यादी आता अशी लागली. आधी फ्रेम नागडी करून प्रत्येक जोड पाहिला. दोन जागी नळी आतून गंजून बिस्किटासारखी झालेली, वरून रंग चकचकीत. सडक्या नळीवर नवा पिंजरा वेल्ड करणं म्हणजे कुजलेल्या खांबावर आरसीसी स्लॅब. ते तुकडे कापून नवे घातले, मग एल कहोनच्या एका वेल्डरकडून पिंजरा वाढवून घेतला, हेल्मेटपासून सहा इंच मोजून. पाच पट्ट्यांचा हार्नेस, आर्म रिस्ट्रेंट. ब्रेक पूर्ण नवा. किल स्विच दोन. शनिवार-रविवार धरून आठ महिने गेले आणि गाडी एका हॉर्सपॉवरनंही वाढली नाही. ग्लॅमिसला एकानं विचारलं, "काय काय केलंस?" मी सांगत गेलो. तो ऐकत होता, मग म्हणाला, "आणि इंजिनला?" मी म्हटलं सील, बेल्ट. त्याचा चेहरा पडला बिचाऱ्याचा.

ताशी चाळीस मैलांवरून पन्नासवर गेलात तर थांबवायची ऊर्जा छपन्न टक्क्यांनी वाढते. वेगाचा वर्ग, दहावीचं गणित. ज्यांच्या भिंतीवर इंजिनिअरिंगची डिग्री फ्रेम करून लावली आहे त्यांना हे मी सांगायचं म्हणजे कमाल आहे, पण मीही भिंतीवर लावलीच होती.

असो. तो पाइप गराजमध्ये फळीवर पडून आहे, जवळजवळ नवा. कुणाला हवा असेल तर फुकट देईन. आधी तुमच्या हार्नेसचा फोटो पाठवा, तारखेचं लेबल दिसेल असा.