‘एस’च्या शेजारचा ‘एफ’

सिकलसेलच्या तपासणीत ‘एसएस’ असा अहवाल आला की घरात जणू निकालच लागतो. पण एसएस असलेल्या दोन मुलांपैकी एक सारखा अंगदुखीने विव्हळत दवाखान्यात भरती होतो आणि दुसऱ्याची वर्षभर शाळा बुडत नाही, हे धारणीपासून अकोल्यापर्यंतचे डॉक्टर पाहतातच. चूक दोघांतही तीच, ११व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातल्या एका अक्षराची. मग फरक कुठे? बऱ्याच अंशी जनुके चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेत.

पोटातले बाळ वेगळे, गर्भीय हिमोग्लोबिन बनवते. त्यालाच ‘एफ’ म्हणतात. जन्मानंतर काही महिन्यांत ते जवळजवळ थांबते आणि प्रौढ हिमोग्लोबिनचे जनुक कामाला लागते. सिकलसेलची चूक या दुसऱ्या जनुकात आहे. म्हणूनच बाळ पहिले पाच-सहा महिने ठणठणीत दिसते.

हा बदल घडतो त्यात डीएनएच्या घड्यांचा मोठा हात आहे. पेशीतला सुमारे दोन मीटरचा धागा मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या केंद्रकात घड्या घालून बसवलेला असतो. नऊवारीच्या निऱ्या घातल्या की कापडावर हातभर दूर असलेली दोन फुले एकमेकांना टेकतात, तसेच इथे. हिमोग्लोबिनचे ‘बटण’ त्याच्या जनुकांपासून हजारो अक्षरे दूर आहे. धागा वळतो आणि बटण ज्या जनुकाला टेकते, ते चालते. गर्भात ते एफच्या जनुकाला टेकते, जन्मानंतर प्रौढ जनुकाकडे वळते. बीसीएल११ए नावाचे प्रथिन एफची वाट अडवते. काहींमध्ये ही अडवणूक ढिली राहते, एफ जास्त उरतो आणि त्रास कमी होतो.

२०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मान्य केलेला ‘कॅसजेव्ही’ हा जनुक-संपादनाचा उपचार चुकीचे अक्षर दुरुस्त करतच नाही. तो फक्त रक्तपेशींपुरते बीसीएल११एचे बटण तोडतो, की एफ पुन्हा बनू लागतो. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने अठरा कोटी रुपये! मेळघाटातल्या माणसाने हा आकडा नुसता ऐकावा.

एफ वाढवण्याचा स्वस्त मार्ग मात्र जुनाच आहे. हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल अमेरिकेत सिकलसेलसाठी १९९८ साली मान्य झाली. अनेक रुग्णांत तिने एफ वाढतो, वेदनेचे झटके कमी होतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळाने रक्त तपासूनच घ्यावी लागते.

१ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाचा गाजावाजा तपासणीचा आणि लग्नाआधी कार्डे जुळवून पाहण्याचा. ते हवेच. पण जे आजार घेऊन जन्मले आहेत, त्यांचे काय? कॅप्सूल आणि रक्ततपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळाली पाहिजे. त्यासाठी धारणीहून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या अमरावतीला कोण किती वेळा जाणार? एचपीएलसी चाचणीच्या अहवालात एसच्या शेजारी एफची टक्केवारीही असते. औषधाआधी ती किती होती आणि सहा महिन्यांनी किती झाली, एवढे दोन आकडे लिहायला रुग्णाच्या कार्डावर जागा करा.