अ‍ॅमेझॉनचे जंगल आणि चार डॉलर

ब्राझीलमधील बेलेम येथे नोव्हेंबर २०२५ मध्ये भरलेल्या जागतिक हवामान परिषदेच्या निमित्ताने उष्णकटिबंधीय वर्षावनांसाठी नव्या निधीची घोषणा झाली. जे देश आपले जंगल उभे राखतील त्यांना दर हेक्टरी, म्हणजे अडीच एकरांमागे, वर्षाला सुमारे ४ डॉलर मिळावेत आणि त्यातील किमान २० टक्के रक्कम आदिवासी व स्थानिक समाजांना जावी, अशी ही योजना आहे. उद्दिष्ट १२५ अब्ज डॉलरचे. परिषद संपेपर्यंत आश्वासने मात्र सात अब्जांच्याही आतच.

योजना स्वागतार्ह आहे. परंतु हा पैसा जंगलात राहणाऱ्यांच्या हाती किती पडतो, यावर बरेच काही अवलंबून राहील.

आक्रे राज्यातील चिको मेंडिस हे रबराचा चीक गोळा करणारे कामगार. जंगल सरकारी मालकीचे राहावे, पण त्यातील रबर व ब्राझील नट गोळा करण्याचा हक्क तेथील रहिवाशांना मिळावा, एवढीच त्यांची व त्यांच्या सहकाऱ्यांची मागणी होती. २२ डिसेंबर १९८८ रोजी शापुरी येथे राहत्या घरी त्यांची गोळी घालून हत्या झाली. १९९० साली त्यांच्या नावाने साडेनऊ लाखांहून अधिक हेक्टरचे राखीव क्षेत्र निर्माण झाले. पारा राज्यात भूमिहीनांसाठी याच वाटेने चालणाऱ्या सिस्टर डोरोथी स्टँग यांनाही १२ फेब्रुवारी २००५ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, गोळ्या घालण्यात आल्या.

पुढची कथा फारशी सांगितली जात नाही. रबराला भाव उरला नाही आणि मेंडिस यांच्या नावाच्या क्षेत्रातील अनेक कुटुंबे स्वतःच झाडे तोडून गुरे पाळू लागली. आजारपण आले की गुरू विकता येते. झाड विकता येत नाही. त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

शासनाने मनावर घेतले तर कुऱ्हाड थांबते, हे खरे. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनमध्ये २००४ साली २७,००० चौरस किलोमीटरहून अधिक जंगल तुटले. उपग्रहांची पाळत, राखीव क्षेत्रे आणि सोयाबीन व्यापाऱ्यांचा २००६ चा करार यांमुळे २०१२ पर्यंत हा आकडा ४,६०० च्या आत आला. सरकारची पकड सैल होताच २०२१ मध्ये तो पुन्हा १३,००० वर गेला आणि २०२५ मध्ये ६,००० च्या खाली उतरला.

पण पाळतीने चूल पेटत नाही. चार डॉलरचे २० टक्के म्हणजे ८० सेंट. रबर गोळा करणाऱ्या कुटुंबाकडे परंपरेने सुमारे ३०० हेक्टर जंगल असते. सरळ हिशेबाने वर्षाला २४० डॉलर, तेही सरकारी तिजोरीतून वाटेत न झिरपता पोहोचले तर. एवढ्यावर ते कुटुंब गुरांचा नाद सोडील काय? नटांना व रबराला हमीभाव आणि जमिनीच्या हक्काची कागदोपत्री खात्री यांची जोड मिळाली, तरच त्या ८० सेंटना अर्थ आहे.